काडी ठेवा, मॅलेट उचला

पुण्यात किंवा नाशकात काही वर्षं ताशा वाजवून तुम्ही नोकरीसाठी बंगळुरूला येता, इथल्या मराठी मंडळींच्या पथकात गणपतीपुरत्या पुन्हा काड्या हातात घेता, आणि मिरवणूक संपल्यावर कुणीतरी विचारतं, "आमच्याकडे पर्कशन सांभाळाल का?" शहरात चर्चचे वाद्यवृंद आहेत, शाळा-कॉलेजांचे बँड आहेत, आर. टी. नगरात बंगलोर स्कूल ऑफ म्युझिक १९८७ पासून चालू आहे. ताल धरणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो. तुम्ही हो म्हणता. पहिल्या तालमीला गेल्यावर दिसतं, की स्नेअर ड्रम हा कामाचा एक तुकडा आहे. शेजारी स्टँडवर लटकती झांज, पलीकडे ग्लॉकेनश्पील, कुठे मरिंबा, कुठे टिंपनीची जोडी. आणि समोरच्या कागदावर अमुक ओळीनंतर चार मात्रांची विश्रांती: तेवढ्यात काठ्या ठेवायच्या आणि मॅलेट उचलायच्या.

या चार मात्रा कशा पार पाडायच्या, हे बहुतेक ठिकाणी कुणी शिकवत नाही. काठीचे धडे वेगळे होतात, मॅलेटचे वेगळे, आणि मधला पूल ज्याने त्याने बांधायचा. ज्यांची मुलं इथल्या क्लासमध्ये ट्रिनिटीच्या परीक्षा देतात, त्यांचीही हीच तऱ्हा. तिथे ड्रम-किट हा एक विषय आणि ऑर्केस्ट्राचं पर्कशन हा दुसरा. किटच्या चार-पाच परीक्षा पार केलेलं मूल मरिंबापुढे उभं राहिलं की एकदम नवखं दिसतं आणि आईवडील गोंधळतात.

मॅलेट ज्यांनी हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी: बांबूची, वेताची किंवा बर्चची बारीक दांडी, आणि टोकाला गोल डोकं. डोकं रबराचं, प्लॅस्टिकचं किंवा पितळेचं असू शकतं, त्यावर लोकरीचा धागा गुंडाळलेला असू शकतो, किंवा टिंपनीसाठी नमदा चढवलेला. ड्रमच्या काठीत वजन सगळ्या लांबीभर पसरलेलं असतं. मॅलेटमध्ये ते टोकाशी गोळा झालेलं असतं. पुढच्या बऱ्याच गोष्टी या एका फरकातून निघतात.

पथकातून आलेल्यांची एक जमेची बाजू आहे. ढोल वाजवणाऱ्याच्या एका हातात टिपरू असतं आणि दुसरा हात थापी देतो. दोन वेगळ्या जातींचे आघात एकाच वेळी करायची सवय त्याच्या अंगात मुरलेली असते. हलगीवाल्याच्या एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्यात लांब बारीक. बंगळुरूच्या रस्त्यावर कुठल्याही जत्रेत किंवा मिरवणुकीत तमटे ऐका, तिथेही तसंच. देवळातला तविलवादक एका बाजूला आखूड काठीने ठोकतो आणि दुसऱ्या बाजूला बोटांवर कडक टोप्या चढवून वाजवतो. म्हणजे दोन साधनं एकत्र चालवणं आपल्याकडे नवं नाही. नवं आहे ते वाजवता वाजवता साधन बदलणं. पथकात ढोलवाला ढोलवालाच राहतो, ताशावाला ताशावालाच. कुणी मधेच टिपरू टाकून काड्या उचलत नाही. त्यामुळे ही हालचाल शून्यापासून शिकावी लागते, आणि ती शिकावी लागते हे आधी मान्य करावं लागतं. चांगल्या ताशावाल्यांना हे मान्य करणं जड जातं, असा माझा अनुभव आहे.

आता मूळ मुद्दा. काठीकडून मॅलेटकडे जाताना लोक पकड बदलण्याच्या मागे लागतात. पकड बदलते, पण ती नंतर. आधी बदलतं ते वाद्याकडून परत येणारं उत्तर. ताणलेलं पान काठीला उलट फेकतं. ताशावर किंवा स्नेअरवर निम्मं काम ही उसळीच करते, तुम्ही फक्त तिला वाट करून देता. मरिंबाच्या लाकडी पट्टीवर लोकरीची मॅलेट पडली, की मऊ डोकं स्वतःच थोडं दबतं, पट्टीला किंचित जास्त वेळ चिकटून राहतं आणि उसळी बरीचशी गिळून टाकतं. त्याच जास्त वेळाच्या स्पर्शामुळे वरचे तीक्ष्ण नाद दबतात आणि सूर गोल ऐकू येतो. मऊ मॅलेटचा आवाज मऊ का, याचं कारण एवढंच आहे. पण वाजवणाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की मॅलेट आपण होऊन वर येणार नाही, ती मनगटाने उचलावी लागेल. काठी खाली टाकायची असते, मॅलेट वर काढायची असते.

हे न कळल्याची खूण ओळखायला सोपी आहे. ताशावरून आलेला हात मॅलेट पट्टीवर दाबून धरतो. ठोका मोठा येतो, पण आस मरते. सूर उमटल्या उमटल्या बुजतो. असं झालं की ताकद वाढवू नका. उलट, आघात झाल्या क्षणी मॅलेट पट्टीपासून वीतभर वर गेली पाहिजे, एवढीच एक अट घालून सावकाश लयीत एकेक सूर वाजवा. वर जाणं हाच ठोका आणि खाली येणं ही त्याची तयारी, असं काही दिवस धरून चाला.

पकडीचं थोडक्यात सांगतो. ५ए ही सगळ्यात प्रचलित काठी सुमारे १६ इंच लांब असते. तिची पकड अंगठा आणि तर्जनी यांच्यात, मागच्या टोकापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. तिथे उसळी सर्वांत चांगली मिळते. मॅलेट त्यापेक्षा थोडी मागे धरा, म्हणजे डोक्याचं वजन कामाला येतं. दोन मॅलेटनी मरिंबा किंवा ग्लॉकेनश्पील वाजवताना तळवे जमिनीकडे, स्नेअरवर दोन्ही हातांची सारखी पकड असते तसेच. टिंपनीवर दोन घराणी आहेत: जर्मन पद्धतीत तळवे खाली, फ्रेंच पद्धतीत अंगठे वर आणि बोटांचं काम जास्त. शिक्षक जे शिकवतील ते घ्या, पण दोन्हींची भेसळ करू नका. एका हातात दोन-दोन धरून चार मॅलेट वाजवायच्या झाल्या तर गॅरी बर्टनची दांड्या एकमेकींवर ओलांडणारी पकड आहे आणि ली हॉवर्ड स्टीव्हन्सची न ओलांडणारी. स्टीव्हन्सचं मरिंबावरचं पुस्तक १९७९ मध्ये आलं आणि आजही शिकवलं जातं. पण तो वेगळा अभ्यास आहे. दोन मॅलेटवर अदलाबदल बसल्याशिवाय चारच्या वाटेला जाऊ नका.

आता तर्री. ताशावाल्याचा खरा पेच इथे आहे, म्हणून जरा थांबतो. ताशाची तर्री, स्नेअरचा रोल, दोन्हीत काठी पानावर टाकून तिला दोनदा किंवा अनेकदा उसळू दिलं जातं. कान ते एक सलग नाद म्हणून ऐकतो. ही युक्ती मॅलेटवर चालत नाही. टिंपनीवर नमद्याची काठी दाबून थरथरवली तर सूर न येता घरघर येते. मरिंबावर तर काहीच येत नाही. तिथे रोल म्हणजे डावा-उजवा, डावा-उजवा, एकेक स्वतंत्र आघात. ताशावाल्याला हे आधी मागासलेलं वाटतं. इतक्या वर्षांची तर्री सोडून पुन्हा एकेक ठोका! पण इथे वेग हा कौशल्याचा पुरावा नाही. मोठ्या टिंपनीचा खालचा सूर बराच वेळ घुमतो, तिथे रोल सावकाश ठेवावा लागतो. वेग वाढवला तर तुमचाच पुढचा आघात आधीच्या आघाताची आस मारतो. वरचे सूर लवकर विझतात, तिथे हात जलद चालवावा लागतो. मरिंबावरही तसंच: खालच्या पट्ट्यांवर सैल, वरच्यांवर घट्ट. म्हणजे रोलचा वेग तुम्ही ठरवत नाही, सुराच्या विझण्यावरून तो ठरतो. ज्याचा कान तयार आहे त्याला हे लवकर बसतं, हात कितीही जड असला तरी.

लटकत्या झांजेवर मऊ मॅलेटने रोल करताना दोन्ही मॅलेट एकाच बाजूला मारू नका. घड्याळात तीन आणि नऊ जिथे असतात तिथे, समोरासमोर, कडेजवळ. एका बाजूने मारत राहिलात तर झांज डोलायला लागते आणि नाद हेलकावतो. ज्या टिपेला आवाज पोचवायचा आहे तिच्या बराच आधी, अगदी हलका सुरू करा. झांज जागी व्हायला वेळ घेते आणि एकदा जागी झाली की आवरत नाही.

कुठे मारायचं हेही साधनाबरोबर बदलतं. स्नेअरवर मध्यभाग. टिंपनीवर मध्यभाग कधीच नाही, तिथे सूर मेलेला असतो. कडेपासून साधारण चार बोटं आत मारा. मरिंबाची पट्टी मधोमध किंवा जराशी बाजूला, पण जिथून दोरी जाते त्या जागी नाही. त्या जागी पट्टी हलतच नाही, म्हणून आवाज कोरडा येतो.

आणि नजर. स्नेअर वाजवताना डोळे कागदावर किंवा निर्देशकावर ठेवता येतात, कारण ड्रम कुठे आहे हे हाताला माहीत असतं. पट्ट्यांच्या वाद्यावर प्रत्येक सूर वेगळ्या जागी. डोळे खाली गेले की कागद हरवतो, कागद पाहिला की पट्टी चुकते. उपाय दोन: कागदाचा स्टँड इतका खाली आणा की पट्ट्या आणि ओळ एका नजरेत येतील, आणि मॅलेट उचलल्यानंतरच्या पहिल्या दोन ओळी पाठ करा. सगळं पाठ असायची गरज नाही, पण बदलानंतरचा पहिला सूर डोळे मिटून सापडला पाहिजे.

खुद्द अदलाबदलीकडे येऊ. तिचं निम्मं यश टेबलावर ठरतं. कमरेच्या उंचीचं छोटं टेबल किंवा ट्रे, त्यावर जाड टॉवेल किंवा नमद्याचा तुकडा, म्हणजे ठेवताना खडखडाट होत नाही. उघड्या लाकडावर ठेवलेली काठी शांत प्रसंगात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते आणि घरंगळली तर मग सगळा कार्यक्रमच तिचा. मॅलेटची डोकी तुमच्यापासून दूर, दांड्या तुमच्याकडे. जोडीतल्या दोन्ही शेजारी-शेजारी, मधे बोट जाईल इतकी फट. कुठली जोडी कुठे, हा क्रम रोज तोच ठेवा. तालमीत एक आणि कार्यक्रमात दुसरा असं केलंत तर हात जुन्या जागी जातो. टेबल शक्यतो अशा बाजूला असावं, की बदलाच्या आधीचा शेवटचा ठोका ज्या हाताचा नाही त्या हाताच्या जवळ ते येईल.

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात उपयोगी आहे. दोन्ही हातांनी एकदम बदल करू नका. आधीच्या ओळीचा शेवटचा ठोका उजव्याचा असेल तर डावा हात त्याआधीच मोकळा झालेला असतो. त्याने काठी ठेवून मॅलेट घ्यावी, तोवर उजवा वाजवत राहील. मग उजव्याची पाळी, आणि तोवर डाव्या हाताने मॅलेटचा पहिला सूर वाजवलेला असू शकतो. चार मात्रांची विश्रांती अशा तऱ्हेने सहा मात्रांची होते. त्यासाठी कधीकधी ओळीचं हातवळण बदलावं लागतं, डाव्याने वाजवायचं ते उजव्याने वाजवावं लागतं. ते आधीच पेन्सिलीने कागदावर लिहून ठेवा. बदलाच्या जागी काठीचं किंवा मॅलेटचं छोटं चित्र काढा. छापील पर्कशनच्या कागदांतही अशी चित्रं असतात, कारण धावत्या डोळ्याला शब्दांपेक्षा चित्र लवकर दिसतं.

वेळ अगदीच नसेल तेव्हा तीन वाटा आहेत. एक, काठीची जोडी आणि मॅलेटची जोडी हातातच ठेवणं: मॅलेट वाजवताना काठ्या शेवटच्या दोन बोटांखाली तळव्याशी दाबून धरायच्या. हे सरावाने जमतं, पण मॅलेटची चपळाई कमी होते, म्हणून सोप्या ओळींपुरतंच. दोन, दोन टोकांची काठी: एका बाजूला लाकडी टोक, दुसऱ्या बाजूला नमदा. मनगट फिरवलं की काम झालं. वजनाचा तोल थोडा चमत्कारिक लागतो, पण लटकती झांज आणि टॉम यांच्यात जा-ये करणाऱ्यांना ती वरदान आहे. तीन, एका हातात काठी आणि एका हातात मॅलेट ठेवून दोन्हीकडे तडजोड करणं. हलगीवाल्याला हे आपलं वाटेल.

सराव मेट्रोनोमवर, मिनिटाला ६० च्या लयीत सुरू करा. सोळा मात्रा काठीने, आठ मात्रा बदलासाठी रिकाम्या, सोळा मात्रा मॅलेटने, पुन्हा आठ रिकाम्या, पुन्हा काठी. रिकाम्या मात्रा तोंडाने मोजा, गप्प राहू नका. बसलं की आठच्या सहा, मग चार, मग दोन. नियम एकच: बदलाआधीचा शेवटचा ठोका पूर्ण वाजला पाहिजे. घाईत सगळे तोच खातात, आणि ऐकणाऱ्याला नेमकं तेच खटकतं. परतीचा सराव, म्हणजे मॅलेटकडून काठीकडे, तितकाच करा. परत येताना हात मॅलेटच्या सवयीने काठी वर ओढतो आणि स्नेअरचा रोल तुटक येतो. पहिल्या दोन ठोक्यांपर्यंत बोटं सैल सोडून उसळीला पुन्हा ताबा द्या.

बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये हे करायचं तर शेजारी आहेतच, आणि रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे नियम कडक होतात. काठीसाठी रबरी पॅड घ्या. मॅलेटसाठी त्याच पॅडवर दुहेरी टॉवेल टाका; उसळी मरते आणि उचलण्याचा सराव आपोआप होतो. जुन्या, टोक झिजलेल्या काठ्यांच्या टोकाला लोकर घट्ट गुंडाळून वर टाके घातले की झांजेच्या सरावापुरत्या मॅलेट घरीच तयार होतात. आवाज खास नसतो, पण अदलाबदल शिकायला तेवढं पुरतं. मरिंबा घरी ठेवण्याइतकी जागा आणि पैसे बहुतेकांकडे नसतात. एक छोटं ग्लॉकेनश्पील पुरेसं आहे, कारण पट्ट्यांच्या मांडणीचा नकाशा तोच.

खरेदीला घाई नको. ५ए ची एक जोडी, मध्यम कडक रबराची एक, मध्यम लोकरीची एक आणि नमद्याची एक, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. पण कुठली जोडी कुठे, हे मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. ड्रमची लाकडी काठी किंवा पितळेची मॅलेट मरिंबाच्या पट्टीवर कधीही नाही. त्या पट्ट्या बहुधा शिसवीच्या जातीच्या लाकडाच्या असतात, एक खाच पडली की सूर बदलतो आणि ती पट्टी जुळणारी मिळवणं महाग पडतं. पितळ फक्त ग्लॉकेनश्पीलच्या धातूसाठी. लोकरीची मॅलेट ग्लॉकेनश्पीलवर वाजवली तर काही बिघडत नाही, फक्त ऐकू येत नाही. नमद्याची काठी ड्रमच्या कडीवर आपटू नका, नमदा फाटतो. आणि मॅलेटचं डोकं बोटांनी धरायची सवय लावून घेऊ नका, घामाने नमदा चपटा आणि चिकट होतो.

या अदलाबदलीला फार जुना इतिहास आहे. बर्लिओझने १८३० च्या 'सिंफनी फँटास्टिक'मध्ये टिंपनीसाठी कुठे स्पंजच्या डोक्याची काठी आणि कुठे लाकडी, हे कागदावर स्पष्ट लिहिलं. स्ट्राविन्स्कीने १९१८ च्या 'हिस्त्वार द्यु सोल्दा'त सात वादकांत एकच पर्कशनवाला ठेवला, आणि त्याला कुठल्या वेळी कुठल्या काठ्या हे बारकाईने सांगितलं. आपल्याकडे हिंदी सिनेसंगीताने हे काम करून घेतलं. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केरसी आणि बुर्जोर या पारशी घराने मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ड्रम आणि तालवाद्यांपासून व्हायब्राफोन आणि ग्लॉकेनश्पीलपर्यंत सगळं हाताळलं. जुनी गाणी हेडफोनवर ऐका आणि ताल कुठे थांबतो, घंटीसारखी पट्टी कुठे सुरू होते, तेवढंच टिपा. कानाची तालीम फुकट होते. पुण्याचे मिलिंद तुळाणकर यांचं जलतरंग ऐकलंत तर आणखी एक गोष्ट कळेल: पाण्याने भरलेल्या भांड्यावर काठी किती कमी वेळ टेकते आणि तरी सूर किती टिकतो.

पहिल्या कार्यक्रमाच्या आधी कागद घेऊन बसा आणि बदलांची यादी करा. प्रत्येक बदलापुढे तीन प्रश्न: खरोखर गरज आहे का, दोन हातांऐवजी एकाच हाताने भागेल का, आणि हा तुकडा दुसरं कुणी वाजवू शकेल का. बरेच बदल पहिल्याच प्रश्नाला गळतात. झांजेवरचा एकच हलका ठोका काठीच्या मधल्या भागाने, टोकाने नव्हे, वाजवला तर मॅलेटशिवाय चालतो. उरलेल्यांतले काही दुसऱ्या प्रश्नाला. जे तरीही उरतील आणि दोन मात्रांतही बसणार नाहीत, ते निर्देशकाला सांगून शेजारी उभ्या असलेल्याला द्या. तो त्रिकोण हातात धरून सत्तर मात्रा मोजत उभा आहे, त्याला आनंदच होईल.